बाटलीवरची लाल रेघ आणि डोळ्यातला दाब

जुलै २०२३ मध्ये आळंदीतल्या शाळकरी मुलांचे डोळे आले आणि पाहता पाहता साथ राज्यभर पसरली. बुलढाण्यापासून पुण्यापर्यंत काळे गॉगल घातलेली माणसं एसटीत, बँकेत, तहसील कचेरीत दिसू लागली. औषधाच्या दुकानांत मागणी एकच होती, ‘डोळे आलेत, ड्रॉप्स द्या.’ अशा वेळी दुकानदार फळीवरची जी बाटली काढून देतो तीत कधी नुसतं प्रतिजैविक असतं, तर कधी प्रतिजैविक आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण. मिश्रणवाल्याचा डोळा एक-दोन दिवसांत पांढरा दिसू लागतो आणि मग वाड्यावस्तीत त्याच बाटलीची शिफारस होते.

खरं तर साथीत येणारे बहुतेक डोळे विषाणूमुळे आलेले असतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपले आपण बरे होतात. प्रतिजैविक विषाणूचं काही बिघडवत नाही. स्टेरॉइडही विषाणूला मारत नाही. ते लाली आणि सूज दाबतं. म्हणजे शरीर जी लढाई लढत असतं, तिचा आवाज तेवढा बंद होतो आणि विषाणू डोळ्यात रेंगाळण्याची शक्यता वाढते. अ‍ॅडिनोव्हायरसच्या साथीत काही जणांच्या बुबुळावर पुसट पांढरे ठिपके उठतात, नजर धुरकट होते. स्टेरॉइड घातलं की ठिपके विरतात, थांबवलं की पुन्हा उगवतात. मग बाटली सुटत नाही. नेत्रतज्ज्ञही अशा काही निवडक रुग्णांना हे थेंब देतात. पण ते यंत्रातून बुबुळ बघून, थांबवायची तारीख ठरवून आणि डोळ्यातला दाब मोजत देतात. दुकानातून आणलेल्या बाटलीबरोबर यातलं काहीच येत नाही.

स्टेरॉइडचं कौतुक आणि स्टेरॉइडची भीती, दोन्हींना जुना इतिहास आहे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली फिलिप हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना त्या कामासाठी नोबेल मिळालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे नवं औषध लगेच उचललं, कारण डोळ्याच्या आतली सूज उतरवणारं इतकं प्रभावी साधन त्यांच्याजवळ तोवर नव्हतंच. पण १९५४ साली बेल्जियमचे नेत्रतज्ज्ञ ज्यूल फ्रान्स्वा यांनी कॉर्टिसोनचे थेंब दीर्घकाळ वापरलेल्या रुग्णांत काचबिंदू झाल्याचं नोंदवलं. कौतुक आणि धोका यांच्यात अंतर पडलं ते जेमतेम चार वर्षांचं.

पुढे १९६०च्या दशकात मन्सूर आर्मली आणि बर्नार्ड बेकर या दोन अमेरिकी संशोधकांनी निरोगी माणसांच्या डोळ्यांत काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब घालून दाब मोजला. त्यातून निघालेलं ढोबळ गणित आजही शिकवलं जातं. सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या दाबात फारसा फरक पडत नाही. सुमारे एक तृतीयांश लोकांचा दाब मध्यम प्रमाणात, म्हणजे ६ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका वाढतो. आणि शंभरातल्या चार ते सहा जणांचा दाब १५ मिलिमीटरपेक्षाही जास्त चढतो. डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ असतो हे लक्षात घेतलं, तर पंधराने वाढ म्हणजे काय ते कळतं. अशा माणसांना डॉक्टर ‘स्टेरॉइड रिस्पॉन्डर’ म्हणतात. कोण या गटातला आणि कोण त्या, हे चेहऱ्यावरून, वयावरून, तब्येतीवरून सांगता येत नाही. ‘आमच्या वहिनींनी वर्षभर घातले, त्यांना काही झालं नाही’ या दाखल्याचा म्हणूनच उपयोग शून्य. वहिनी त्या दोन तृतीयांशातल्या असतील.

हे होतं कसं, तेही समजून घेण्यासारखं आहे. डोळ्याच्या आत, बुबुळामागे, एक पाणी सतत तयार होत असतं आणि कडेच्या बारीक जाळीतून निचरून जात असतं. हे अश्रूंचं पाणी नव्हे. ते आतलं, वेगळं. स्टेरॉइडमुळे त्या जाळीत नको ती द्रव्यं साठतात, न्हाणीच्या जाळीत केस अडकून पाणी तुंबावं तसा निचरा मंदावतो आणि दाब चढतो. सहसा याला दोन ते सहा आठवडे लागतात, लहान मुलांत त्याहून कमी. औषध थांबवल्यावर बहुतेकांचा दाब काही आठवड्यांत उतरतो. मात्र महिनोन्‌महिने वापर झाला असेल, तर काहींचा उतरत नाही.

दाब चढलेला डोळा दुखत नाही, लाल होत नाही, खाजत नाही. स्टेरॉइड चालू असल्यामुळे तो उलट स्वच्छ पांढरा, शांत दिसतो. आतमध्ये मात्र डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू एकेक करून मरत असतात. आधी जाते ती कडेची नजर, जिची उणीव जाणवायला फार वेळ लागतो. समोरचा पेपर वाचता येतो, टीव्ही दिसतो, म्हणून माणूस निर्धास्त असतो. गेलेले तंतू कोणतीही शस्त्रक्रिया परत आणू शकत नाही. आराम पडला म्हणजे डोळा बरा आहे, हा हिशेब या एका औषधाच्या बाबतीत पार चुकतो.

सर्वांत जास्त फटका बसतो तो मुलांना, आणि त्यातही एका विशिष्ट आजाराच्या मुलांना. डॉक्टर त्याला ‘व्हर्नल’ किंवा ‘स्प्रिंग कॅटार’ म्हणतात. घरात ‘ॲलर्जीचे डोळे’ म्हणतात. उष्ण, कोरड्या, धुळीच्या हवेत हा आजार अधिक दिसतो. चार-पाच वर्षांपासून वयात येईपर्यंतचा काळ याचा, आणि मुलींपेक्षा मुलगे जास्त. फाल्गुन सरला की खाज सुरू. मुलगा मुठींनी डोळे चोळत असतो, सुतासारखी चिकट चिपडं निघतात, उन्हात डोळे उघडवत नाहीत, पांढरा भाग मळकट तपकिरी दिसतो. बऱ्याच मुलांत वयात आल्यावर हा आजार आपोआप निवळतो. म्हणजे काही उन्हाळे निभावून न्यायचे असतात, एवढंच.

ते उन्हाळे कसे निभावले जातात ते पाहिलं की घोटाळा कळतो. पहिल्या वर्षी आई-वडील मुलाला डॉक्टरकडे नेतात. डॉक्टर खाज फार म्हणून दोन आठवड्यांपुरते स्टेरॉइडचे थेंब लिहून देतात. चार दिवसांत मुलगा हसतखेळत शाळेत. दोन आठवड्यांनी थेंब थांबतात, आठवड्याभरात खाज परत. आता पुन्हा तालुक्याला जायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, फी द्यायची, त्यापेक्षा वडील रिकामी बाटली खिशात घालून औषधाच्या दुकानात जातात आणि तशीच दुसरी आणतात. दुकानदारही ओळखीचा. पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरची पायरी चढायची गरजच वाटत नाही. असे तीन-चार उन्हाळे जातात आणि एके दिवशी शाळेतल्या तपासणीत किंवा चष्म्याच्या दुकानात कळतं, की मुलाला एका डोळ्याने नीट दिसत नाही. मूल तक्रार करत नाही. एक डोळा चांगला असला की त्याचं चालून जातं. भारतातल्या मोठ्या नेत्ररुग्णालयांच्या काचबिंदू विभागात असे किशोरवयीन मुलगे येत राहतात, ज्यांचा मूळ आजार पुढेमागे आपोआप बरा झाला असता.

यात दुकानदाराला एकट्याला आरोपी करून भागत नाही. तपासणीचं यंत्र नसलेले डॉक्टरही ‘मिश्रण दिलं की दोन्हीकडून सुरक्षित’ अशा समजुतीने ते लिहितात. आणि पहिल्या चिठ्ठीवर ‘हे फक्त १४ दिवस, नंतर बंद’ हे मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिण्याइतका वेळ नेत्रतज्ज्ञाला गर्दीत मिळतोच असं नाही. म्हणून तो कागद आणि ते वाक्य पालकांनी मागून घ्यावं.

ॲलर्जीच्या डोळ्यांवर स्टेरॉइडखेरीज बरंच काही आहे. थंड पाण्याच्या पट्ट्या, बाहेर पडताना टोपी आणि गॉगल, खेळून आल्यावर तोंड-डोळे धुणं, फ्रिजमध्ये ठेवलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब. त्यावर ओलोपॅटाडीन किंवा केटोटिफेनसारखे ॲलर्जीविरोधी थेंब, जे हंगामभर वापरता येतात. आजार तीव्र असेल तर सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचं मलम, जे सुरुवातीला झोंबतं पण डोळ्यातला दाब चढवत नाही. स्टेरॉइड लागलंच तर थोड्या दिवसांपुरतं, आणि शक्यतो फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉलसारखं सौम्य. सौम्य याचा अर्थ दाब वाढण्याची शक्यता कमी, एवढाच. ती शून्य होत नाही, आणि ‘सौम्य आहे’ म्हणून वर्षभर चालवलेली बाटलीही नडते. मुलाला डोळे चोळू न देणं हाही उपचाराचाच भाग. सततच्या चोळण्याने बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं, तो आणखी एक आजार.

दाब चढायला आठवडे तरी लागतात. काही डोळ्यांत मात्र स्टेरॉइड काही दिवसांतच नुकसान करतं.

ऊसतोडीत पाचट डोळ्याला लागतं, मळणीत कुसळ उडतं, भाताचं तूस जातं, बैलाची शेपटी फटकारते. बुबुळावर बारीक ओरखडा पडतो आणि त्यातून बुरशी आत शिरते. आपल्याकडच्या शेतकरी आणि शेतमजुरांत बुबुळाच्या जखमा चिघळण्याचं बुरशी हे मोठं कारण आहे. पहिल्या दिवसांत डोळा नुसता लाल, खुपणारा, पाणावलेला असतो, डोळे आल्यासारखाच. अशा डोळ्यात स्टेरॉइड पडलं की बुरशीला मोकळं रान मिळतं. एक-दोन दिवस बरं वाटतं, मग पांढरा डाग पसरू लागतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी रुग्ण मोठ्या दवाखान्यात पोचतो तेव्हा बुबुळ वितळू लागलेलं असतं. वाचलं तर फूल राहतं, नाहीतर बुबुळ बदलावं लागतं.

नागिणीच्या जातकुळीतला हर्पिस विषाणूही असाच. तो बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी नाजूक जखम करतो. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही. नेत्रतज्ज्ञ डोळ्यात नारिंगी रंगाची पट्टी टेकवतात आणि निळ्या प्रकाशात पाहतात, तेव्हा ती हिरवी चमकते. एक मिनिटाची तपासणी, पण औषधाच्या काउंटरवर ती होत नाही. त्या फांदीवर नुसतं स्टेरॉइड पडलं तर जखम पसरून नकाशासारखी होते. तिसरा प्रकार कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचा: लेन्स नळाच्या पाण्याने धुतल्यामुळे अकॅन्थअमीबा नावाचा एकपेशीय जीव बुबुळात शिरू शकतो, आणि सुरुवातीला दिलेलं स्टेरॉइड त्याचं निदान लांबवतं. तेव्हा डोळ्याला मार लागलेला असो, शेतातलं काही गेलेलं असो, लेन्स वापरात असो किंवा नजर कमी झालेली असो, लाल डोळ्यात घरातली जुनी बाटली रिकामी करायची नाही. आधी बुबुळ दाखवायचं.

एवढं वाचून जर कोणी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चालू असलेले थेंब कपाटात ठेवून देणार असेल, तर तेही तितकंच वाईट. स्टेरॉइडच्या भीतीने गेलेले डोळेही नेत्रतज्ज्ञांनी पाहिलेले असतात.

युव्हायटिस म्हणजे डोळ्याच्या आतल्या रंगीत पडद्याची सूज. एक डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही. यात प्रेडनिसोलोनचे थेंब सुरुवातीला दर तासालाही घालावे लागतात आणि सोबत बाहुली मोठी करणारे थेंब. टाळाटाळ केली तर बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते, दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. म्हणजे ज्या भीतीने औषध टाळलं तेच सगळं आजार स्वतः करून ठेवतो. बुबुळाचं रोपण झालेल्यांना तर कमी मात्रेत हे थेंब महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं लागतात. ते मनाने बंद केले की शरीर दान मिळालेलं बुबुळ नाकारू शकतं.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मिळणारा तक्ता बहुतेक घरांनी पाहिलेला असतो: पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, असं उतरत साधारण चार ते सहा आठवड्यांत बंद. हे उतरणं उगीच नसतं. औषध एकदम तोडलं तर दबलेली सूज उसळून येते. तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवावा आणि प्रत्येक थेंबानंतर खूण करावी. आजोबांना आठवत नाही, सूनबाई कामावर असतात, नातू संध्याकाळी घालतो; खूण नसेल तर एक तर दोनदा पडतो किंवा पडतच नाही. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर घालावा. पुढच्या वेळी दुप्पट घालून भरपाई करू नये. आणि तक्त्यातली शेवटची तारीख आली की बाटलीत औषध उरलेलं असलं तरी थांबावं. ‘संपेपर्यंत घालू’ ही काटकसर इथे नको.

आता बाटली. स्टेरॉइडच्या थेंबांचं औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. खोक्यावर आणि लेबलवर ‘आरएक्स’ची खूण, डाव्या कडेला लाल उभी रेघ आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विक्री करण्याची सूचना असते. ती रेघ सुटी प्रतिजैविकं आणि इतर अनेक औषधांवरही असते, त्यामुळे तेवढ्यावरून स्टेरॉइड ओळखता येत नाही. त्यासाठी बारीक अक्षरातली घटकद्रव्यं वाचावी लागतात. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट, ही सहा नावं लिहून ठेवली की घरातल्या कपाटाची झडती घेता येते. शेवटी ‘सोन’, ‘लोन’ येणारं किंवा मध्ये ‘प्रेड’ असलेलं नाव दिसलं की थबकावं. बाजारातल्या अनेक मिश्रणांत मूळ प्रतिजैविकाच्या नावापुढे ‘डी’, ‘डीएम’, ‘पी’, ‘एलपी’ अशी अक्षरं जोडलेली असतात. चिठ्ठीवर साधं नाव आणि हातात शेपूटवालं, असं सहज होतं. ‘तेच आहे, जरा पॉवरफुल’ असं सांगून दिलेली बाटली घेऊ नये. काही थेंबांवर ‘डोळा/कान’ असं दोन्ही छापलेलं असतं. कानासाठी आणलेली अशी बाटली महिन्याने डोळ्यात घालायला काढणं हा तर घराघरातला प्रकार.

थेंब घालण्याची रीत किरकोळ वाटते, पण अर्धं औषध तिथेच वाया जातं. नवी बाटली उघडताना टाचणी किंवा सुई तापवून टोचण्याची गरज नसते. बऱ्याच बाटल्यांच्या झाकणातच टोकदार काटा असतो, झाकण घट्ट आवळलं की भोक पडतं. सुईने पाडलेलं भोक मोठं होतं, थेंब मोठा पडतो, आणि जंतू आत जातात ते वेगळेच. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटसारखी औषधं विरघळलेली नसतात, नुसती तरंगत असतात. ती प्रत्येक वेळी नीट हलवून घ्यावी लागतात, नाहीतर आरंभी पाणी आणि शेवटी गाळ, अशी मात्रा पडते.

हात धुवावेत. मान मागे करून किंवा आडवं होऊन खालची पापणी बोटाने ओढावी, वर पाहावं आणि त्या खोबणीत एक थेंब सोडावा. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, बोटाला लागू देऊ नये. एकच थेंब. डोळ्याच्या खोबणीत एका थेंबाइतकीही जागा धडपणे नसते. दुसरा गालावरच येतो. मग डोळा अलगद मिटून, नाकालगतचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरावा. तिथून अश्रूंची वाट नाकात आणि घशात जाते. ती दाबली की औषध डोळ्यात राहतं आणि अंगात कमी जातं. लहान मुलांत तर हे आवर्जून करावं. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्यावीत, मलम असेल तर शेवटी. कॉन्टॅक्ट लेन्स काढूनच थेंब घालावेत; अर्थात डोळा लाल असताना लेन्स घालायचीच नसते. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्यावी. उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहिली की वाद उरत नाही. एकाची बाटली दुसऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये, नवरा-बायकोचा आजार एकच असला तरी.

दाब मोजायचा कधी? अनेक स्टेरॉइड थेंबांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, की औषध १० दिवस किंवा त्याहून जास्त चालणार असेल तर डोळ्यातला दाब तपासत राहावा. व्यवहारात सुरू करताना एकदा, दोन-तीन आठवड्यांनी एकदा आणि औषध चालू असेतोवर डॉक्टर सांगतील तसा. तपासणीत डोळा बधिर करून यंत्र टेकवतात किंवा हवेची हलकी फुंकर मारतात. दुखत नाही, पैसेही फार लागत नाहीत, आणि जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागातही ती होते. आलेला आकडा विचारून आपल्या वहीत तारखेसह लिहून ठेवावा. नुसतं ‘नॉर्मल आहे’ यापेक्षा ‘उजवा १६, डावा १८’ हे पुढच्या डॉक्टरला कामाला येतं.

काही जणांनी अधिक सावध राहायला हवं. ज्यांना काचबिंदू आहे त्यांच्यात तर स्टेरॉइडने दाब चढणं फारच सर्रास आढळतं. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल, चष्म्याचा मायनस नंबर मोठा असेल, मधुमेह असेल, तर डॉक्टरला ते विचारण्याआधी सांगावं. अंगात दुसऱ्या वाटेने जाणारं स्टेरॉइडही सांगावं: दम्याचा पंप, नाकातला स्प्रे, सांध्यातली इंजेक्शनं, गोळ्या. आणि गोरेपणासाठी किंवा मुरमांसाठी मैत्रिणीने सुचवलेलं क्रीम. त्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये जोरदार स्टेरॉइड असतं आणि ते रोज पापणीपर्यंत चोपडलं जातं. ते औषध आहे हेच मुळी लक्षात नसल्यामुळे ते सांगितलं जात नाही.

दीर्घ वापराचा आणखी एक परिणाम म्हणजे मोतीबिंदू, तोही तरुण वयात. हा भिंगाच्या मागच्या बाजूला धरतो, म्हणून अंधारापेक्षा उजेडातच जास्त त्रास होतो. भर उन्हात धूसर दिसतं, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतात, वाचताना अक्षरं पुसट होतात. तिशीतल्या माणसाने अशी तक्रार केली की नेत्रतज्ज्ञ पहिला प्रश्न थेंबांचाच विचारतात. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो. काचबिंदूने नेलेलं परत येत नाही.

थेंब चालू असताना दुखणं वाढलं, नजर कमी झाली, उजेड सोसेनासा झाला, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावं. तान्ह्या किंवा अगदी लहान मुलात डोळ्यातून सतत पाणी येणं, उजेडाकडे तोंड फिरवणं, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसणं, या दाब वाढल्याच्या खुणा असू शकतात. फिकट, टपोरे डोळे म्हणून कौतुक करत बसू नये.

आणि ज्यांच्या घरात हे वाचेपर्यंत अशी एखादी बाटली महिनोन्‌महिने चालू आहे, त्यांनी घाबरून ती आजच फेकून देऊ नये. मूळ आजार कोणता, यावर ती लगेच थांबवायची की उतरवत न्यायची हे ठरतं, आणि ते डोळा तपासूनच कळतं. दोन-चार दिवसांत नेत्रतज्ज्ञाची वेळ घ्यावी. जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्यात. किती वर्षं, दिवसातून किती वेळा, मध्ये किती खंड, हे आठवेल तसं आधीच कागदावर उतरवून घ्यावं. दाब मोजण्याबरोबरच डोळ्याची नस पाहायला आणि गरज पडल्यास कडेच्या नजरेची तपासणी करायला सांगावं. बाहुली मोठी करणारे थेंब घालतील, त्यामुळे काही तास धूसर दिसेल. गाडी चालवायला सोबत कोणीतरी असावं.